७४व्या स्ट्रीटवरची मिठाईची रांग: जॅक्सन हाइट्समधलं एक प्रकरण

हे प्रकरण न्यूयॉर्कच्या क्वीन्समधल्या जॅक्सन हाइट्सचं आहे, मिठाईच्या रांगेत एका गे जोडप्याचा अपमान झाला आणि दुकानाने रांग मोडली, त्याचं. ज्यांच्याबाबतीत घडलं त्यांना विचारून लिहितेय. ओळख पटेल असे तपशील बदललेत किंवा गाळलेत, दुकानाचं नाव कुठेही नाहीये. मी त्याच बिल्डिंगमधे राहते आणि पहिल्या संध्याकाळपासून या सगळ्यात होते. त्या दोघांपैकी एकाला मी इथे कोल्हापूरकर म्हणणार आहे (आडनाव नाही, गाव), दुसरा त्याचा नवरा, जन्मला वाढला क्वीन्समधेच, आईवडील कोलंबियाहून आलेले. आणि तिसऱ्या काकू, म्हणजे कोल्हापूरकरची आई, त्या पाच महिन्यांसाठी आल्या होत्या.

लिहायचं कारण एवढंच की असं काही झाल्यावर पहिल्या दोनतीन दिवसात जे ठरतं ते पुढे वर्षभर सोबत राहतं, आणि ते ठरवताना हाताशी काहीच नसतं, नुसता राग असतो आणि दहा जणांचे दहा सल्ले.

पार्श्वभूमी

बाहेरच्या देशी माणसांना जॅक्सन हाइट्स म्हणजे ७४वा स्ट्रीट. साड्या, सोनं, किराणा, मिठाई, पान. १९७०च्या दशकापासून इथे भारतीय दुकानं यायला लागली, आणि बऱ्याच मालकांनी नंतर घरं लाँग आयलंडला घेतली. आज काउंटरमागे बहुतेक बांगलादेशी आणि नेपाळी पोरंपोरी असतात. गिऱ्हाईक मात्र, विशेषतः शनिवार रविवारी, गाडी घेऊन लांबून येतं, लाँग आयलंड, न्यू जर्सी, कनेटिकट. म्हणजे दुकानं बाहेरच्यांच्या जिवावर चालतात आणि फुटपाथ इथे राहणाऱ्यांचा आहे, ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे सगळं त्याच्यावरच येतं.

तिथून दोन ब्लॉक चाललात की वेगळंच गाव लागतं. १९१७ मधे ७ नंबरची ट्रेन इथवर आली आणि त्याच सुमारास क्वीन्सबरो कॉर्पोरेशन या बांधकाम कंपनीने मधोमध बाग आणि चारी बाजूंनी विटांच्या इमारती अशी वस्ती उभी केली. त्या काळात ज्यू आणि काळ्या लोकांना इथे घर मिळत नसे, हेही सांगायलाच हवं, कारण ‘जॅक्सन हाइट्स पहिल्यापासूनच सगळ्यांचं’ असं हल्ली सर्रास म्हटलं जातं आणि ते खरं नाही. नाटकांची थिएटरं जिथे आहेत त्या टाइम्स स्क्वेअरला थेट ट्रेन असल्यामुळे नाटकात काम करणारी मंडळी इथे राहायला आली, त्यात बरेच गे होते, पुढच्या काही दशकात त्यांचा चांगला जम बसला. १९६५च्या इमिग्रेशन कायद्यानंतर जग आलं. रुझवेल्ट ॲव्हेन्यूवर वरून ट्रेन धडधडत असते आणि खाली स्पॅनिश, बंगाली, नेपाळी, तिबेटी, पंजाबी सगळं एकदम कानावर पडतं. गे बार आणि मशीद हाकेच्या अंतरावर.

पण हे आपोआप झालेलं नाही. २ जुलै १९९० च्या रात्री पीएस ६९ या शाळेच्या आवारात हुलिओ रिवेरा नावाच्या २९ वर्षांच्या बारटेंडरला तिघांनी हातोडीने आणि सुऱ्याने मारलं, गे होता म्हणून. मारणारे कुठून लांबून आलेले नव्हते, याच भागातले तरुण होते. सुरवातीला पोलीस हे द्वेषातून झालंय असं मानायलाच तयार नव्हते, लोकांनी मेणबत्त्या घेऊन मोर्चे काढले तेव्हा तपास हलला. १९९२ मधे शेजारच्या डिस्ट्रिक्ट २४ च्या शाळा-बोर्डाने, ज्यात गे कुटुंबांचा उल्लेख होता तो अभ्यासक्रम धुडकावून लावला. त्याच काळात डॅनियल ड्रॉम नावाचे शिक्षक आपण गे आहोत हे उघडपणे सांगून पुढे आले आणि जून १९९३ मधे ३७व्या ॲव्हेन्यूवरून पहिली क्वीन्स प्राइड परेड निघाली. (हेच ड्रॉम पुढे सिटी कौन्सिलवर निवडून गेले.) ७८व्या स्ट्रीटच्या कोपऱ्याला आता रिवेराचं नाव आहे. आपल्या लोकांसाठी आणखी एक गोष्ट, सालगा ही दक्षिण आशियाई गे-लेस्बियन संस्था, तिला मॅनहॅटनच्या इंडिया डे परेडमधे १९९०च्या दशकात चालू दिलं जात नव्हतं, आणि क्वीन्स प्राइडमधे हीच माणसं ढोल वाजवत चालायची. म्हणजे आपल्याच माणसांनी दार लावून घ्यायचं आणि या गल्लीने उघडायचं, हे जुनं आहे.

कोल्हापूरकर आणि त्याचा नवरा यांचं लग्न न्यूयॉर्कमधे झालेलं. या राज्यात २०११ पासून असं लग्न होतं, कोलंबियात २०१६ पासून. भारतात सुप्रीम कोर्टाने २०१८ मधे दंडसंहितेच्या कलम ३७७ मधून अशा संबंधांचा गुन्हा काढून टाकला पण २०२३ मधे लग्नाचा हक्क द्यायला नकार दिला, त्यामुळे काकू इथे ‘लेकाच्या घरी’ आल्या होत्या की ‘लेका-जावयाच्या’ याला गावाकडे उत्तरच नव्हतं. त्या नवऱ्याला नुसतं ‘पोरगा’ म्हणायच्या. ‘पोरग्याला वाढा आधी, दमून आलाय.’ तो त्यांच्याकडून आमटी आणि भाकरी शिकला होता, भाकरी जमत नव्हती, आमटी जमायची.

काय घडलं

दिवाळीच्या आधीचा रविवार. ७४व्या स्ट्रीटवर त्या दिवशी चालायला जागा नसते. तिघं एका दुकानात मिठाईच्या रांगेत उभे. काकूंना अनारसे पाहिजे होते, मिळणार नाहीत हे माहिती होतं तरी बघू म्हणून. नवऱ्याने कोल्हापूरकरचा मफलर नीट केला आणि हात तसाच खांद्यावर राहिला. बस, एवढंच.

मागे एक कुटुंब. पन्नाशीचे गृहस्थ, बायको, शाळकरी मुलगा आणि कॉलेजच्या वयाची मुलगी. पार्किंग मिळालं नाही म्हणून गृहस्थ आधीच वैतागलेले, न्यू जर्सीहून दीड तास लागला वगैरे चाललेलं, सगळं मराठीत. मग तेच मराठीत बायकोला म्हणाले, ‘बघ, इथे हे असलं उघड्यावर चालतं. पोरांना घेऊन यायची सोय राहिली नाही.’ बायको म्हणाली गप्प बसा हो. ते म्हणाले, ‘काय गप्प? त्यांना काय कळतंय.’

काकूंना कळलं. कोल्हापूरकरला कळलं. नवऱ्याला शब्द कळले नाहीत पण काकूंचा चेहरा कळला.

एवढ्यावर थांबलं असतं तर प्रकरण झालंच नसतं, घरी गेले असते आणि दोन दिवस वाईट वाटून घेतलं असतं. पण गृहस्थांनी काउंटरवरच्या मुलाला हाक मारली आणि हिंदीत सांगितलं की भैया, फॅमिली है, बच्चे हैं, हमको इनके पीछे खड़ा नहीं रहना, उधर से दे दो. आणि त्या मुलाने दिलं. पलीकडच्या टोकाला बोलावून पुढच्या तीन माणसांच्या आधी त्यांचे डबे भरायला घेतले.

तेव्हा कोल्हापूरकर मागे वळला आणि म्हणाला, ‘काका, आम्हाला मराठी कळतं.’ आवाज चढवला नाही, शिवी नाही. गृहस्थ क्षणभर गोंधळले आणि मग जास्तच भडकले, ‘मग तर जास्तच लाज वाटायला पाहिजे, आईला घेऊन फिरतोस.’ मुलगी ‘डॅड, स्टॉप’ म्हणत दुकानाबाहेर गेली. कुणीतरी फोन काढून शूट करायला लागलं.

आणि रांगेतली एक नेपाळी बाई, भाजीची पिशवी हातात, ती काहीच न बोलता येऊन काकू आणि ते गृहस्थ यांच्या मधे उभी राहिली. काकूंना म्हणाली, ‘माजी, आपका नंबर है, आगे आइए.’ गृहस्थांकडे तिने बघितलंसुद्धा नाही. माझ्या मते त्या दुकानात त्या दिवशी सगळ्यात शहाणं काम तिने केलं.

मिठाई न घेता तिघं घरी आले.

अडचण नेमकी कोणती

संध्याकाळी त्यांच्या स्वयंपाकघरात आम्ही चारपाच शेजारी जमलो तेव्हा प्रत्येकजण वेगळ्याच गोष्टीवर चिडलेला होता, आणि तासभर बोलल्यावर कळलं की एका नावाखाली तीन अडचणी आहेत.

एक, तो माणूस. त्याचं बोलणं किळसवाणं होतं पण अमेरिकेत नुसतं बोलणं गुन्हा होत नाही. धमकी नव्हती, अंगाला हात नव्हता.

दोन, दुकान. हे वेगळं आहे आणि बहुतेकांच्या हे लक्षातच येत नाही. न्यूयॉर्क शहराच्या मानवी हक्क कायद्यात लैंगिक कल १९८६ पासून आहे, म्हणजे दुकानाने, हॉटेलने, टॅक्सीवाल्याने त्यावरून सेवा नाकारायची नाही किंवा कमी दर्जाची द्यायची नाही. गिऱ्हाईकाने ‘मला यांच्या मागे उभं राहायचं नाही’ म्हटलं आणि दुकानाने त्या कारणासाठी रांग मोडली, तर ते बोलणं फक्त त्या गिऱ्हाईकाचं राहत नाही, त्यात दुकान सामील झालं. काउंटरवरचा मुलगा विशीचा, कामावर नवीन, त्याला बहुधा वाटलं असेल की एक कटकट टळली. पण कायदा नुसता हेतू बघत नाही, झालं काय तेही बघतो.

तीन, काकू. आणि ही सगळ्यात मोठी. दुसऱ्या दिवसापासून त्या बाहेर पडेनात. त्याआधी रोज सकाळी एकट्या कोथिंबीर आणायला जायच्या, रस्ता पाठ झाला होता, बंगाली भाजीवाल्याशी खुणांनी घासाघीस करायच्या. आता दार लावून बसल्या. चौथ्या दिवशी म्हणाल्या, ‘माझं तिकीट अलीकडचं करता येतंय का बघ.’

काय काय करता आलं असतं

व्हिडिओ. तो दुसऱ्या दिवशीच कोल्हापूरकरच्या फोनवर आला, शूट करणाऱ्या मुलाने ओळखीतून पाठवला होता आणि विचारलं होतं, टाकू का. आमच्यातल्या दोघांना वाटत होतं टाकावा, बघू दे सगळ्यांना, त्या माणसाच्या ऑफिसलाही कळू दे. मी स्वतः विरोधात होते. त्यात मुलगी रडताना स्पष्ट दिसत होती, छोटा मुलगा दिसत होता, आणि काकूंचा चेहराही होता. बदनामी त्या माणसाची व्हायची आणि आयुष्यभर सापडत राहायचा तो व्हिडिओ या तिघांचा. शिवाय काकूंच्या गावात तो अर्ध्या तासात पोचला असता आणि तिथे कुणाला काय सांगितलंय, काय नाही सांगितलंय, हे ठरवायचा हक्क त्यांचा आहे, आपला नाही.

पोलीस. कायदेशीर बघितलं तर गुन्हा दाखल होण्यासारखं काही नव्हतं. द्वेषातून झालेली घटना म्हणून नोंद करता येते, गुन्हा नसला तरी, आणि नोंद झाल्या तर पुढच्याला उपयोग होतो हा मुद्दा मला पटतो. पण रांगेत उभे असलेले साक्षीदार कोण? अर्ध्या जणांचे कागद अपुरे असणार. त्यांच्यासाठी पोलीस गाडी दुकानासमोर उभी राहणं हीच आणखी एक भीती. नवरा म्हणाला, माझ्यासाठी त्या नेपाळी बाईला कुणी प्रश्न विचारायला नकोत. तिथे विषय संपला.

शहराच्या मानवी हक्क कमिशनकडे तक्रार. ही दुकानाविरुद्ध करता येते, वकील लागत नाही, ३११ या शहराच्या मदत नंबरवर फोन करून सुरवात होते, आणि अशा प्रकाराला साधारण एक वर्षाची मुदत असते. म्हणजे घाई नव्हती, आणि हे कळल्यावर घरातला ताण एकदम निम्मा झाला. राग आलाय म्हणून आजच ठरवा असं काही नसतं.

मालकाशी बोलणं. सोपं वाटतं, पण यात धोका असा की मालक म्हणणार सॉरी सॉरी, हा घ्या डबा, आणि झालं.

त्या माणसाला गाठणं. हेही शक्य होतं. मराठी माणसं इथे किती असणार, व्हॉट्सॲपवर दोन फोनात कळलं की कुठल्या मंडळात जातात. कोल्हापूरकरकडे नाव आलं, नंबरही आला.

आणि शेवटचा पर्याय, सोडून देणं. याला कुणी हसू नये. ज्याला लागलंय त्याने ‘मला याच्यात आणखी एक दिवस घालवायचा नाही’ म्हटलं तर तेवढं पुरेसं असलं पाहिजे.

काय केलं

पहिलं ठरलं ते व्हिडिओ न टाकण्याचं, त्या मुलाला फोन करून काढून टाकायला सांगितलं, एक कॉपी फक्त या दोघांकडे ठेवली, तक्रार करायची वेळ आली तर.

मग दुकान. मालक लाँग आयलंडला राहतात, आठवड्यातून तीन दिवस येतात. आम्ही चौघं गेलो, हे दोघं, मी, आणि त्याच रस्त्यावर वर्षानुवर्षं दुकान असलेले एक बांगलादेशी चाचा, ज्यांना मालक मान देतात. चाचांना नेणं हा नवऱ्याचा विचार, आणि चांगला निघाला. जाण्याआधी आम्ही कागदावर लिहून नेलं की आम्हाला नक्की काय हवंय, कारण ‘तुम्ही काहीतरी करा’ म्हणून गेलं की काहीच होत नाही.

मालक आधी म्हणाले तसंच, सॉरी, हा मुलगा नवीन आहे, त्याला काढून टाकतो. कोल्हापूरकर म्हणाला त्याला काढायचं नाही, अजिबात नाही, त्याला काय बोलायचं ते कुणी शिकवलंच नव्हतं. मग मालकांनी खरी अडचण सांगितली. माझा धंदा शनिवार रविवारवर आहे, बाहेरून येणाऱ्यांवर आहे, मी त्यांना धडे द्यायला लागलो तर ते न्यू जर्सीत एडिसनला ओक ट्री रोडवरच्या देशी दुकानात जातील, तिथे पार्किंगपण आहे. हे त्यांनी लपवलं नाही याचं मला बरं वाटलं, कारण तोवर आम्ही नुसतं वाईट वागण्याबद्दल बोलत होतो आणि इथे प्रश्न गल्ल्याचा होता.

त्यावर चाचा बोलले. म्हणाले, सोमवार ते शुक्रवार तुझ्याकडे दूध आणि ब्रेड कोण घेतं? २०२० मधे जेव्हा बाहेरचं कुणी येत नव्हतं तेव्हा कुणी घेतलं? हे खरं होतं, त्या वसंतात हा भाग आणि शेजारच्या एल्महर्स्ट आणि कोरोना (वस्तीचं नावच ते) या वस्त्या शहरात कोविडचा सगळ्यात वाईट फटका बसलेल्या भागात होत्या आणि जी दुकानं तगली ती चालत येणाऱ्या गिऱ्हाईकावर तगली.

मागण्या तीन होत्या. रांग कुणाच्याही सांगण्यावरून मोडायची नाही आणि त्यासाठी सणाच्या दिवसात टोकन द्यायची. काउंटरवरच्या सगळ्यांना एक ठरलेलं वाक्य शिकवायचं, ‘सर, यहाँ सब का नंबर से होता है’, बस, वाद नाही, भाषण नाही. आणि दारावर इंद्रधनुष्याचं, म्हणजे गे लोकांचं इथे स्वागत आहे असं सांगणारं स्टिकर. पहिल्या दोन लगेच मान्य झाल्या. तिसरीला मालक नाही म्हणाले.

इथे त्या दोघांचं पटलं नाही आणि अजून पटलेलं नाही. कोल्हापूरकरचं म्हणणं असं की स्टिकर नको, मला माझा नंबर आला की मिठाई पाहिजे, बाकी मालकाच्या मनात काय आहे ते राहू दे. नवऱ्याचं म्हणणं, मी लहानपणी ३७व्या ॲव्हेन्यूवर परेड बघायला वडिलांच्या खांद्यावर बसलोय, या रस्त्यावर आम्ही दिसणार की नाही हाच प्रश्न आहे, दिसायला नको असेल तर त्या बाहेरून आलेल्या माणसात आणि मालकात फरक काय. मला दोघांचंही म्हणणं खरं वाटतं. शेवटी स्टिकर सोडून दिला, तक्रारीचा हक्क राखून ठेवला, आणि मालकांना तसं स्पष्ट सांगितलं की मुदत संपेपर्यंत आम्ही बघणार आहोत.

त्या माणसाला फोन करायचा नाही असं ठरलं. मंडळाच्या कमिटीतल्या एका ओळखीच्या बाईंना नाव न घेता काय झालं ते सांगितलं आणि विचारलं की तुमच्या कार्यक्रमाला असं जोडपं आलं तर तुम्ही काय करणार आहात, ठरवलंय का.

आता काकू. लेकाने पहिले दोन दिवस समजावायचा प्रयत्न केला, अगं तो एक मूर्ख माणूस, तू काय मनाला लावून घेतेस, आणि ते चाललं नाही. कारण तो ज्याला उत्तर देत होता ते काकूंना झालंच नव्हतं. आम्ही सगळे धरून चाललो होतो की त्यांना चारचौघात लाज वाटली. मी दुपारी त्यांच्याकडे चहाला बसायला लागले, विषय काढला नाही, आणि मग एक दिवस त्या आपणहून बोलल्या. ‘लाज कसली वाटायची. ह्यांच्या लग्नाचं कळलं तेव्हा मी फोनवर हेच बोलले होते गं. असंच. शब्द पण हेच. त्या माणसाच्या तोंडून माझंच ऐकलं मी.’

मी काही बोलले नाही. बोलण्यासारखं नव्हतंच. फक्त म्हटलं, चला, जरा पाय मोकळे करू.

३४वा ॲव्हेन्यू २०२० पासून दिवसभर गाड्यांना बंद असतो, ६९व्या स्ट्रीटपासून जंक्शन बुलेवारपर्यंत, २६ ब्लॉक. पोरं सायकली शिकतात, बायका व्यायाम करतात, म्हातारी माणसं खुर्च्या घेऊन बसतात. तिथे आमच्या बिल्डिंगमधले एक आजोबा रोज असतात, सत्तरच्या दशकापासून इथे आहेत, त्यांचा जोडीदार एड्सच्या लाटेत गेला. त्यांना काकूंबद्दल ऐकून माहिती होतं. त्यांनी आम्हाला ७८व्या स्ट्रीटच्या कोपऱ्यावर नेलं, पाटी दाखवली आणि रिवेराचं सांगितलं, मी मराठीत सांगत गेले. काकूंनी एकच विचारलं, ‘मग आजूबाजूचे गप्प बसले?’ आजोबा म्हणाले, आधी बसले, मग नाही. मेणबत्त्यांचं सांगितलं, पहिल्या परेडचं सांगितलं, त्या परेडला किती घाबरत उभे होतो तेही.

मला असं म्हणायचं नाही की हे ऐकून काकू बदलल्या. पण त्या संध्याकाळी घरी जाऊन त्यांनी लेकाला ते फोनचं बोलून दाखवलं आणि माफी मागितली. तो म्हणाला, आई, मी विसरलो होतो. विसरला नव्हता, हे मला नंतर त्यानेच सांगितलं.

पुढे काय झालं

तिकीट बदललं नाही, काकू ठरल्याप्रमाणे राहिल्या. ७४व्या स्ट्रीटवर मात्र त्या दुकानात परत गेल्या नाहीत, कोथिंबिरीसाठी दुसरीकडे जायच्या, आणि कुणी आग्रह केला नाही.

दुकानात टोकन सुरू झाली. नाताळच्या आधीच्या गर्दीत मी बघितलं, एक बाई ओळख सांगून पुढे घुसायला बघत होत्या, काउंटरवरच्या त्याच मुलाने तेच वाक्य म्हटलं आणि त्या मागे गेल्या. कारण वेगळं होतं पण वाक्य उपयोगी पडलं.

मंडळाच्या कमिटीने विषय मीटिंगमधे घेतला, पुढच्या मीटिंगवर ढकलला, आणि नंतर काही कळवलं नाही. त्या गृहस्थांकडून कधीच काही आलं नाही. त्यांच्या बायकोचा मात्र कमिटीतल्या बाईंमार्फत एक निरोप आला, माझ्या वतीने माफी सांगा, आणि त्या दिवसापासून माझी मुलगी वडिलांशी धड बोलत नाहीये. कोल्हापूरकरने एवढंच उलट कळवलं की मुलीला सांगा, तिने बाहेर जाताना जे म्हटलं ते आम्ही ऐकलं.

तक्रार दाखल केली नाही. नवरा अजून म्हणतो करायला हवी होती.

वेगळं काय करता आलं असतं

दुकानातल्या त्या दोन मिनिटांबद्दल बोलायचं तर कोल्हापूरकरने उत्तर द्यायला नको होतं असं काहींचं म्हणणं आहे, त्यामुळे भडका उडाला म्हणून. मला हे मान्य नाही. ज्याच्यावर बोललं गेलंय त्याने कसं वागायचं याची मोजमापं काढणं बंद करावं, तो बोलला तरी ठीक, गप्प राहिला तरी ठीक. प्रश्न बाकीच्या वीस माणसांचा आहे. ‘राइट टू बी’ ही न्यूयॉर्कची संस्था बघ्यांसाठी ट्रेनिंग देते, त्यात भांडायला शिकवत नाहीत, लक्ष दुसरीकडे वळवणं, दुसऱ्या कुणाची मदत घेणं, नोंद ठेवणं, नंतर जाऊन विचारपूस करणं आणि जमलंच तर थेट बोलणं, असं असतं. त्या नेपाळी बाईने यातलं पहिलं केलं, बहुधा कुठलंही ट्रेनिंग न घेता. रांगेत आणखी एकाने जरी काउंटरवर ‘भाई, नंबर किसका है’ एवढं विचारलं असतं तरी तो मुलगा थांबला असता. शूट करणाऱ्याने व्हिडिओ काढला ते ठीक, पण काढून झाल्यावर त्या तिघांना तिथेच विचारायला हवं होतं, दुसऱ्या दिवशी ओळखीतून नाही.

काकूंच्या बाबतीत चार दिवस उशीर झाला. सगळ्यांचं लक्ष त्या माणसावर आणि दुकानावर, आणि घरात एक बाई गप्प बसलीये हे प्रत्येकाने पाहिलं पण आपापला अर्थ लावला. त्यांना थेट विचारायला हवं होतं की तुम्हाला नक्की काय लागलं.

आणि बाहेरच्यांबद्दल. या भागात असं काही झालं की लगेच म्हटलं जातं, तो इथला नव्हता, जर्सीचा होता. खरंय, नव्हता. पण रांग मोडली ती इथल्या दुकानाने, १९९० मधे हातोडी उचलली ती इथल्या पोरांनी, आणि काकू ज्या फोनबद्दल बोलत होत्या तो तर घरातल्या घरातला. बाहेरचा माणूस दीड तासाने गाडी काढून निघून जातो. त्यामुळे मालकाशी झालेलं बोलणं मला त्या माणसाला गाठण्यापेक्षा जास्त महत्त्वाचं वाटतं, आणि तेच थोडं पुढे न्यायचं आम्ही ठरवलंय. चाचा म्हणाले की टोकन एकाच दुकानात असून भागणार नाही. पुढच्या दिवाळीच्या आधी रस्त्यावरच्या आणखी चारपाच मिठाईवाल्यांशी ते स्वतः बोलणार आहेत, आणि ते एक वाक्य आता बंगाली आणि नेपाळीतही लिहून घेतलंय, कारण काउंटरमागे उभं राहून ते म्हणायचंय ज्यांना, त्यांच्या तोंडी हिंदी अडखळते.